थर्स्कचा गुरांचा डॉक्टर

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलो की मला दोन माणसांचं जबरदस्त आकर्षण असायचं. एक मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर आणि दुसरे गुरांचे डॉक्टर. डॉक्टरांना नाव असणारच, पण गावात ते कुणी वापरल्याचं आठवत नाही. 'गुरांचे डॉक्टर आले' एवढंच सगळे म्हणायचे. एका रात्री मामाची म्हैस अडली. रेडकू पोटात आडवं झालं होतं, लोडशेडिंगमुळे दिवे गेलेले, मामाच्या हातात बॅटरी आणि मी गोठ्याच्या दाराशी आईच्या मागे. डॉक्टरांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला, कोमट पाण्याने आणि साबणाने हात धुतले आणि सरळ खांद्यापर्यंत हात म्हशीच्या आत घातला. मग तासभर तो माणूस शेणामुतात आडवा पडून, डोळे मिटून, आत काहीतरी चाचपत होता. शेवटी रेडकू बाहेर आलं. जिवंत. डॉक्टरांनी बशीतून चहा घेतला आणि गाडीला किक मारून निघून गेले.

हे सगळं मी पार विसरून गेलो होतो. मध्यंतरी ऑफिसातल्या एका मित्राने जेम्स हेरियटचं पुस्तक हातात कोंबलं, 'विकांताला वाच, डोकं हलकं होईल' म्हणाला. पहिलंच प्रकरण उघडलं तर काय, एक तरुण डॉक्टर यॉर्कशायरमधल्या एका गोठ्यात दगडी फरशीवर पालथा पडलेला आणि त्याचा हात गाईच्या पोटात! झटकन मामाचा गोठा डोळ्यांपुढे आला. अगदी साबणाच्या वासासकट.

मग काय, एकामागून एक पुस्तकं वाचत सुटलो. त्यातल्या एकाचं नाव 'व्हेट्स माइट फ्लाय'. कधीच न घडणाऱ्या गोष्टीबद्दल इंग्रज माणूस 'हो हो, डुकरंसुद्धा उडतील' असं म्हणतो, त्यावरून केलेला हा विनोद. पण नाव नुसतं विनोदी नाही. हा गुरांचा डॉक्टर खरोखरच विमान चालवायला शिकला होता.

इथे मी अडकलो. कारण बारावीपर्यंत मलाही वैमानिकच व्हायचं होतं. खोलीत भिंतभर विमानांची चित्रं होती. चष्म्याच्या नंबराने तो विषय एका दुपारीत संपवला. पुढचं सगळं, म्हणजे इंजिनिअरिंग, कॅम्पस, ही आयटीतली नोकरी, माझ्या डोक्यात कायम दुसऱ्या पसंतीचंच राहिलं. तक्रार नाही, पगार वेळेवर होतो. पण कुणी 'काय करतोस?' विचारलं की उत्तर देताना आवाज थोडा खाली येतो, एवढं खरं. त्यामुळे विमानातून उतरून गोठ्यात परत गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे मला कळायलाच हवं होतं. पुस्तकांतला हेरियट गोड आहे, पण तो कथेतला. मला खरा माणूस हवा होता. ही त्याची हकीकत.

*

खऱ्या माणसाचं नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. सगळे त्याला आल्फ म्हणायचे. जन्म ३ ऑक्टोबर १९१६, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलंडमध्ये. काही आठवड्यांचा असतानाच आईबाप त्याला घेऊन स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला गेले. बाप जहाजाच्या गोदीत काम करायचा आणि संध्याकाळी मूकपटाच्या थिएटरात पियानो वाजवायचा. बोलपट आले आणि पियानोवाल्यांचं काम गेलं. (तंत्रज्ञान बदललं की नोकऱ्या जातात, हा शोध आपल्या पिढीने लावलेला नाही, मंडळी.) आई गायची, शिवणकाम करायची, आणि एकुलत्या एका पोराने मोठं व्हावं म्हणून जिवाचं रान करायची.

म्हणजे हा मुलगा पक्का शहरी. घरी गाय नाही, म्हैस नाही, एक डॉन नावाचा आयरिश सेटर कुत्रा तेवढा होता. तेराव्या वर्षी त्याने 'मेकॅनो' मासिकात पशुवैद्यकाच्या व्यवसायावरचा एक लेख वाचला आणि ठरवून टाकलं. १९३३ साली ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नाव घातलं. त्याला पदवी मिळाली डिसेंबर १९३९ मध्ये. मध्ये नापास होणं आलं, पुनःपुन्हा परीक्षेला बसणं आलं आणि एक दुखणंही आलं. भगंदर. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती, शस्त्रक्रिया करूनही ते पुन्हा उलटायचं. हे दुखणं लक्षात ठेवा, पुढे ते फार महत्त्वाचं ठरणार आहे.

तो शिकत होता तो काळ पशुवैद्यांसाठी वाईटच होता. त्यांची निम्मी प्रतिष्ठा घोड्यावर उभी होती, आणि घोड्याच्या जागी ट्रॅक्टर येत होता. नुसत्या जेवणखाणावर राबायला तयार असलेले पदवीधर तेव्हा होते. आल्फने संडरलंडमध्ये सहा महिने काढले आणि जुलै १९४० मध्ये तो थर्स्क नावाच्या बाजारपेठेच्या गावी पोचला. पत्ता, २३ कर्कगेट. दवाखान्याचा मालक डोनाल्ड सिंक्लेअर.

पुस्तकं वाचलेल्यांनी एव्हाना ओळखलं असेल. हाच तो सिगफ्रिड! त्याचा उनाड धाकटा भाऊ ब्रायन, तो ट्रिस्टन. आणि थर्स्क म्हणजेच कथेतलं डॅरोबी.

पण खरी गंमत पुढे आहे. कथेतला डॉक्टर डॅरोबीला येतो तो १९३७ च्या सुमारास. हिरवी कुरणं, शांत दिवस, युद्ध अजून लांब. खरा आल्फ आला तेव्हा फ्रान्स पडला होता आणि ब्रिटनच्या आकाशात लढाई पेटत होती. सिंक्लेअरला माणूस हवा होता तोच मुळी स्वतः हवाई दलात भरती झाला होता म्हणून. 'दवाखाना सांभाळ, येईल ते उत्पन्न तुझं', असा व्यवहार ठरला, आणि मालक विमानं उडवायला निघून गेला. चारेक महिन्यांत परतही आला, कारण वय खोटं सांगून भरती झाल्याचं उघडकीला आलं. थोडक्यात, त्या दवाखान्यातून आकाशाकडे गेलेला आणि परत आलेला आल्फ हा दुसरा डॉक्टर. पहिला त्याचा मालक!

*

तेव्हाचं काम काय असायचं? अडलेली गाय सोडवणं, वार काढणं, कासदाह, पोटफुगी, लंगडणारे घोडे. सगळं हातांनी. जंतुसंसर्गावर सल्फा गटातली औषधं नुकती येऊ लागली होती, पेनिसिलिन पशुवैद्यांच्या हाती यायला युद्ध संपावं लागलं. खात्रीचे उपचार मोजकेच. त्यातला सगळ्यात नाट्यमय म्हणजे दुग्धज्वरावरचा. नावात ज्वर आहे, पण ताप नसतोच. गाय व्याली की सगळं कॅल्शियम दुधाकडे धावतं, रक्तातलं एकदम उतरतं, आणि तगडी गाय मान टाकून मरणाला टेकते. शिरेतून कॅल्शियम दिलं की तीच गाय थोड्या वेळात उठून उभी राहते. शेतकऱ्याला तो चमत्कार वाटतो. आपल्याकडच्या गोठ्यांतही हा चमत्कार रोज कुठे ना कुठे होत असतो.

आणि दुसरं मोठं काम क्षयाच्या चाचण्यांचं. हे थोडं विस्ताराने सांगतो. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या दुभत्या गाईंपैकी सुमारे ४० टक्के गाईंना क्षयाची लागण असल्याचं मानलं जाई, आणि गाईच्या दुधातून आलेल्या क्षयाने वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरत होती, त्यांत मुलं फार. १९३५ साली सरकारने योजना काढली: ज्याचा कळप क्षयमुक्त ठरेल, त्याच्या दुधाला जास्त भाव. ठरवायचं कसं? गाईच्या मानेवरचे केस कातरायचे, कातडीची जाडी मोजायची, ट्युबरक्युलिनचा एक थेंब टोचायचा, तिसऱ्या दिवशी परत जाऊन पुन्हा जाडी मोजायची. कातडी सुजून जाड झाली असेल तर गाय बाद. कानावरचा नंबर, आधीचं माप, नंतरचं माप. हजारो गाई, दरीदरीतून पसरलेले गोठे, बांधायला दोरसुद्धा नसलेली अर्धरानटी वासरं. आमच्या भाषेत सांगायचं तर संपूर्ण देशाचं टेस्टिंग, तेही मॅन्युअल! १९६० साली अख्खं ब्रिटन या योजनेखाली आलं. या कामासाठी आल्फसारख्या खेड्यातल्या डॉक्टरांनी लाथा खाल्ल्या, शब्दशः.

५ नोव्हेंबर १९४१ रोजी आल्फने जोन डॅनबरी या मुलीशी थर्स्कच्या चर्चमध्ये लग्न केलं. त्याच्या आईला ही सोयरीक पसंत नव्हती. आईबाप लग्नाला आलेच नाहीत. जिने पोरासाठी आयुष्य वेचलं, ती आई त्या दिवशी तिथे नव्हती, आणि तरी त्याने लग्न केलं. पुस्तकांत यातलं काहीही नाही. पुस्तकांत आहे तो मधुचंद्र. कार्पर्बी नावाच्या गावातल्या एका छोट्या खाणावळीत दोघं उतरली, आणि मधुचंद्राचे दिवस त्यांनी क्षयाच्या चाचण्या करण्यात घालवले! नवरा गाईच्या मानेशी झटत आकडे ओरडतोय आणि नवी नवरी बोटं गारठत असताना ते वहीत लिहून घेतेय. हे मात्र खरं घडलेलं.

*

आता विमान.

पशुवैद्याचा पेशा युद्धकाळात 'राखीव' होता. दूध आणि मांस देशाला हवंच, म्हणून डॉक्टरांवर सैन्यात जाण्याची सक्ती नव्हती. आल्फ आपणहून गेला. नोव्हेंबर १९४२, वय २६, बायको सहा महिन्यांची गरोदर. आधी लंडन, मग परेड आणि धावणं, मग स्कारबरोला वर्गातलं शिक्षण. १३ फेब्रुवारी १९४३ ला मुलगा झाला, जिम. बाप तेव्हा गणवेशात होता आणि जोन तिच्या माहेरी.

त्यानंतर विंडसरजवळच्या विंकफील्डच्या धावपट्टीवर त्याने टायगर मॉथ हातात घेतलं. हे विमान म्हणजे शिकाऊ वैमानिकांची बाराखडी. एकावर एक दोन पंख, लाकूड-धातूच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, १३० अश्वशक्तीचं इंजिन, डोक्यावर छप्पर नाही. पुढच्या खाचेत शिक्षक, मागच्या खाचेत विद्यार्थी, आणि बोलायला मध्ये एक रबरी नळी. नळीतून बहुधा शिव्याच यायच्या. कधीतरी एक दिवस शिक्षक खाली उतरतो, पट्टे बांधून ठेवतो आणि म्हणतो, जा एकटा. आल्फ एकटा गेला. वर गेला, फेरी मारली, उतरला. वैमानिकाच्या आयुष्यात हा दिवस एकदाच येतो, आणि तो त्याला मिळाला.

मिळाला आणि संपला. जुनं भगंदर पुन्हा उलटलं, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर तो वैमानिक म्हणून अपात्र ठरला. मग मँचेस्टरच्या हीटन पार्कच्या तळावर सामानाच्या कोठारात काम. वर्षापूर्वी गाईचा जीव वाचवणारा माणूस आता गणवेशाचे कपडे मोजून देत होता. नोव्हेंबर १९४३ मध्ये हवाई दलाने त्याला घरी पाठवलं. वय २७. हातात ना हुद्दा, ना पदक. घरी नऊ महिन्यांचं पोर.

माझं वय साधारण तेच आहे, म्हणून हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

आता एक आकडा सांगतो. ब्रिटनच्या बॉम्बर दलात युद्धभरात सुमारे सव्वा लाख माणसांनी विमानांतून उड्डाणं केली. त्यांतली ५५,५७३ मेली. शंभरातली चव्वेचाळीस. आल्फचं पुढे कुठल्या विमानावर नाव लागलं असतं हे कुणी सांगू शकत नाही. पण १९४३ च्या उन्हाळ्यात शिकून तयार होणाऱ्या पोराच्या वाट्याला काय येऊ शकत होतं, ते या आकड्यात आहे. अर्थात त्या नोव्हेंबरात आल्फला हा हिशोब माहीत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की बाकीचे गेले आणि आपण परत निघालो.

*

मग तो थर्स्कला आला आणि पुढची सत्तावीस वर्षं जगाला त्याचं नावही माहीत नव्हतं. अपरात्री फोन, बर्फातून गाडी, गोठा, साबण, बादली. १९४७ साली मुलगी झाली, रोझी. दोन्ही पोरं चालायला लागली तशी बापाबरोबर फेरीवर जाऊ लागली. फाटक उघडायचं, बंद करायचं, गाडीतून औषधाची बाटली आणून द्यायची. डोंगराळ भागात एकेका शेतावर जाताना पाच-सहा फाटकं लागतात, तेव्हा ही मदत काही लुटुपुटीची नव्हती! जिम पुढे पशुवैद्यच झाला आणि १९६७ मध्ये बापाच्या दवाखान्यात आला. रोझीलाही तेच व्हायचं होतं. बापाने तिला अडवलं. हे काम बाईच्या अंगाला झेपायचं नाही, असं त्याचं त्या काळातलं मत. ती माणसांची डॉक्टर झाली. पोरीने दिवसरात्र आपल्याबरोबर गोठे पाहिले आणि तरी तिला अडवलं, हे मला खटकलं. लाडका माणूस म्हणून झाकायचं कशाला?

त्या कामाने त्याच्याकडून वसुलीही केली. गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचा रोग, ब्रुसेलोसिस, हा वार काढणाऱ्या डॉक्टरच्या हातातून त्याच्याच अंगात शिरतो. आल्फला तो झाला होता. अधूनमधून हुडहुडी भरून ताप चढायचा, तो वाट्टेल ते बरळायचा, गाणी म्हणायचा, आणि दोन दिवसांनी पुन्हा गोठ्यात. १९६० च्या सुमाराला तो नैराश्यात खोल गेला. विजेचे झटके द्यावे लागले. हे जगाला कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर, जिमने १९९९ साली लिहिलेल्या चरित्रातून. जगाला हसवणाऱ्या पुस्तकांत त्या वर्षाचा मागमूस नाही.

आणि मग १९६३. हा प्रसंग वाचून मी अक्षरशः उडालो. आल्फला पुन्हा विमान मिळालं! इंग्लंडहून जर्सी गाई विमानाने इस्तंबूलला न्यायच्या होत्या, सोबत डॉक्टर हवा होता. गॅटविकहून एक जुनाट मालवाहू विमान उडालं. पोटात गाई, आणि गाईंमध्ये आल्फ. एकेकाळी दांडा हातात धरून एकट्याने उडालेला माणूस आता गाईंच्या गव्हाणीशेजारी उभा राहून ढग बघत होता. प्रवासात विमानाच्या इंजिनाने दगा द्यायचा तो दिलाच. गाई मात्र सुखरूप पोचल्या.

*

लिहायला बसला तेव्हा वय जवळपास पन्नास. रोज संध्याकाळी, घरच्यांच्या घोळक्यात, समोर टीव्ही चालू असताना, मांडीवर टाइपरायटर. (वेगळी खोली नाही, शांतता नाही. 'निवांत वेळ मिळाला की लिहीन' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) आधी कादंबरी म्हणून लिहून पाहिलं, जमलं नाही. एका प्रकाशनाच्या वाचकाने सुचवलं की 'मी' म्हणून लिहा. सगळं पुन्हा लिहिलं. १९७० मध्ये पहिलं पुस्तक आलं, छापल्या फक्त तीन हजार प्रती. पशुवैद्यांना जाहिरात करायला बंदी होती, म्हणून टोपणनाव हवं होतं. टीव्हीवर बर्मिंगहॅम सिटीचा सामना चालू होता, गोलकीपरचं नाव जिम हेरियट. झालं!

मग अमेरिकेतल्या टॉम मॅक्कॉर्मॅक या प्रकाशकाने पहिली दोन पुस्तकं एकत्र करायचं ठरवलं, पण अट घातली: शेवटी डॉक्टरचं त्या मुलीशी लग्न लावा. आल्फने तीन प्रकरणं वाढवली. शेवट कुठे झाला? कार्पर्बीच्या त्या मधुचंद्रात, गाईंच्या मानेवरची मापं लिहून घेणाऱ्या नवरीपाशी. १९७२ साली 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' अमेरिकेत आलं आणि वणव्यासारखं पसरलं. १९७८ पासून बीबीसीची मालिका सुरू झाली. पुस्तकांच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

आता विमानाबद्दलच्या दोन पुस्तकांकडे वळतो, १९७६ आणि १९७७ ची. मी ती दुसऱ्यांदा वाचली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रसंग सुरू होतात हवाई दलात. परेड, धावणं, दंतवैद्याची खुर्ची, विमानाची खाच. आणि दोन-चार परिच्छेदांत काहीतरी होतं, एखादा वास, एखादा शब्द, आणि लेखक थर्स्कच्या कुठल्यातरी गोठ्यात परततो. नावात उड्डाण असलेली ही पुस्तकं बहुतेक सगळी जमिनीवरच घडतात. पहिल्यांदा वाचताना मी वैतागलो होतो, कारण मला विमान हवं होतं. पण बघा, त्याने तीस वर्षांनी, प्रसिद्धी आणि पैसा मिळाल्यावर, ते वर्ष लिहायला घेतलं तेव्हा त्याला त्यात काय दिसलं? आपलं हुकलेलं आयुष्य दिसलं नाही. आकाशात गेलो तेव्हा घर किती आठवलं, हे दिसलं. मी माझ्या नोकरीकडे नेमकं उलटं बघतो. ऑफिसात बसून आकाश आठवतो आणि ऑफिसातलं काहीच बघत नाही.

'म्हातारपणी लिहिताना सगळंच गोड वाटतं' असं कुणी म्हणेल. मलाही शंका आलीच. पण त्याची आणखी एक कसोटी झाली. त्या दशकात ब्रिटनमध्ये आयकराचा वरचा दर ८३ टक्के होता. पैसेवाले लेखक, गवई, नट देश सोडून करमुक्त बेटांवर राहायला जात होते. आल्फलाही तसा सल्ला मिळाला. तो हलला नाही. पोरं इथे आहेत, नातवंडं इथे आहेत, दवाखाना इथे आहे. शंभर पौंडांतले त्र्याऐंशी सरकारला दिले आणि सकाळी गाई बघायला गेला. त्याच्या दवाखान्यात दुपारी सहीसाठी परदेशी पाहुण्यांची रांग लागायची, आणि शेतकऱ्यांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांना डॉक्टर वेळेवर हवा होता.

१९४३ मध्ये तो थर्स्कला परतला तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. ते नाइलाजाने झालं होतं. १९७० च्या दशकात सगळं जग मोकळं होतं आणि त्याने तेच गाव, तीच बायको, तेच गोठे पुन्हा घेतले. एखाद्या आयुष्याला दुसरी पसंती म्हणायचं तर निदान पहिली संधी मिळाल्यावर ते बदलायला तरी हवं ना?

*

आल्फ वाइट २३ फेब्रुवारी १९९५ रोजी थर्स्कजवळच्या आपल्या घरी गेला. वय ७८. जोन १९९९ पर्यंत होती. त्याच वर्षी २३ कर्कगेटच्या इमारतीत त्याचं संग्रहालय उघडलं.

एक शेवटची गोष्ट सांगायची राहिली. थर्स्कच्या पूर्वेला सटन बँक नावाचा उंच कडा आहे. तिथून खाली दिसणारा मुलूख त्याला साऱ्या इंग्लंडात सुंदर वाटायचा. त्याची रक्षा तिथेच, शेजारच्या व्हाइटस्टोन कड्यावरून उधळली. त्या कड्याच्या माथ्यावर १९३० च्या दशकापासून ग्लायडर उडवणाऱ्यांचा क्लब आहे. पश्चिमेचा वारा सपाटीवरून येतो, कड्याला धडकतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर बिनइंजिनाची विमानं तासन्‌तास तरंगत राहतात. खाली त्याचे सगळे गोठे.

असो. हा लेख अर्धा लिहून झाल्यावर मामाला फोन केला. म्हटलं, मामा, ते आपले गुरांचे डॉक्टर, त्यांचं नाव काय रे? मामाला लगेच आठवेना. मामीला हाक मारली, शेजाऱ्याला विचारलं. मग म्हणाला, "रिटायर झाले रे ते कधीच. पण त्या रात्रीची म्हैस आठवते का तुला? तिच्या रेडकाच्या पुढच्या पिढ्या आपल्याकडंच आहेत अजून. दावणीला दोन उभ्या आहेत." नाव शेवटी मामीला आठवलं. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे. दिवाळीला गावी जाईन तेव्हा त्यांच्या घरी जाऊन येणार आहे.